लुआंग्वाला जा, पण महिना बघून

प्रश्न नाशिकहून आला आहे. नवरा-बायको पन्नाशीतले, मुलगी चौदा वर्षांची. गेल्या ऑगस्टमध्ये तिघं मसाई मारा करून आले. सिंह, चित्ते, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, सगळं दिसलं. पण लक्षात राहिलं ते एका बिबट्याभोवतीचं वीसेक गाड्यांचं कोंडाळं, वायरलेसवरचा कालवा आणि पुढच्या गाडीतल्यांच्या टोप्यांमधून काढलेले फोटो. ताडोबा-पेंचला दरवर्षी जाणारी मंडळी आहेत, जंगल त्यांना नवं नाही. आता पुन्हा आफ्रिकेला जायचं आहे. हातात दहा-अकरा दिवस आहेत, तिघांपैकी दोघं शाकाहारी आहेत आणि जागा शांत हवी आहे. कुठे जावं?

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात छोटे गट घेऊन जाणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे फार आढेवेढे न घेता सांगतो: झांबियातलं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान. तीन रात्री म्फुवेच्या मुख्य गेटाजवळ राहा, चार रात्री आत दूरवरच्या एखाद्या छोट्या बुश कॅम्पवर, आणि तिथे रोज सकाळी पायी फिरा. महिन्याचं गणित मात्र नीट घालावं लागेल. आणि तिथे काय मिळणार नाही, तेही पैसे भरायच्या आधी ऐकून घ्या.

गर्दी टाळायची म्हटलं की लोक आधी देश बदलतात. केनिया नको, टांझानिया करू. मग सेरेंगेटीत सेरोनेराला उतरतात आणि तसल्याच कोंडाळ्यात अडकतात. गर्दी देशामुळे होत नाही. मुख्य गेट किंवा धावपट्टी जवळ असते, ठरलेल्या महिन्यात ठरलेल्या जागी एकच मोठी घटना घडत असते आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात वायरलेस असतो, म्हणून होते. मारा राखीव क्षेत्र आहे १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे बफर धरून आपलं ताडोबा-अंधारी त्याहून थोडं मोठंच आहे. जुलै ते ऑक्टोबर सगळ्या जगाला तिथे एकच गोष्ट बघायची असते आणि ती नदीच्या मोजक्या उतारांवर घडते. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे. एवढे मोजून आलेल्या माणसाला ते दृश्य दिसलंच पाहिजे असं वाटतं आणि तो ताण शेवटी ड्रायव्हरवर येतो. एका प्राण्यापाशी पाचच गाड्या, असा नियम तिथेही आहे. ऑगस्टमध्ये तो कागदावर राहतो.

लुआंग्वाचं क्षेत्रफळ ९,०५० चौरस किलोमीटर, आणि तिथे बघायलाच हवी अशी एकच एक घटना नाही. लोक आपोआप पांगतात. बऱ्याच भागात रस्तेच नाहीत. जे आहेत त्यातले बरेचसे पावसाळ्यात वाहून जातात आणि दरवर्षी नव्याने करावे लागतात. आतले कॅम्प बांबू-गवताचे, मोसम संपला की मोडायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभारायचे. एकेका कॅम्पवर चार-सहा खोल्या. शांतता तिथल्या व्यवस्थेतूनच येते, कुणी मुद्दाम राखावी लागत नाही.

उद्यानाला जिचं नाव आहे ती लुआंग्वा नदी मला फार आवडते, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे. लुआंग्वा पुढे झांबेझीला मिळते. तिच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. आफ्रिकेतल्या मोठ्या नद्यांमध्ये असं उदाहरण आता शोधावं लागतं. दर पावसाळ्यात ती फुगते, बाहेरच्या वळणाची माती कापते, आतल्या वळणाला वाळू टाकते, आणि एखाद्या वर्षी सरळ नवीन वाट काढून जुनं वळण मागे सोडून देते. त्या सुटलेल्या वळणाचं चंद्रकोरीसारखं तळं होतं. खोऱ्याच्या नकाशावर अशी तळी जागोजागी दिसतात. एप्रिलमध्ये पाऊस थांबतो तेव्हा पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे प्राणीही सगळीकडे विखुरलेले असतात. जसजसा कोरडा मोसम सरकतो तशी आतली डबकी आटतात आणि उरतात ती खोल तळी आणि नदी. मग हत्ती, रेडे, झेब्रे, इम्पाला सगळ्यांनाच काठावर यावं लागतं, आणि त्यांच्या मागे सिंह, बिबटे, तरस, रानकुत्रे. पाणघोड्यांना तर दुसरीकडे जायला जागाच नसते. ऑक्टोबरमध्ये एकेका डोहात शंभराच्या वर पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर माना टाकून चिखलात पडलेले असतात. त्यांची भांडणं रात्रभर ऐकू येतात. झोपेची ज्यांना चिंता आहे त्यांनी कानात घालायला कापूस न्यावा.

तेव्हा महिना निवडणं म्हणजे पाणी कितपत आटलेलं हवं ते ठरवणं. आणि इथे आपल्या सुट्ट्या आडव्या येतात.

मेमध्ये सगळं हिरवं, हवा सुंदर, पण गवत डोक्याएवढं आणि आतले बरेच कॅम्प अजून उघडलेले नसतात. जूनच्या सुरुवातीपासून एकेक कॅम्प सुरू होतात, गवत पिवळं पडून वाकायला लागतं, पहाटे कडाक्याची थंडी असते. आफ्रिकेत कसली थंडी, असं म्हणून हसू नका. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, गाडीला ना छप्पर ना काचा, आणि वाऱ्यावर कानटोपी लागतेच. ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत चांगला काळ. पण तेव्हा आपल्याकडे गणपती, त्यामुळे मराठी गट जमता जमत नाही. ऑक्टोबरमध्ये प्राणी सर्वाधिक एकवटलेले आणि ऊनही सर्वाधिक. पारा चाळिशी ओलांडतो, तंबूत एसी नसतो, दुपारी बारा ते साडेतीन नुसतं ओला पंचा अंगावर टाकून पडायचं. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते त्या वर्षी हे जमू शकतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तर पहिला पाऊस पडून गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तोवर आतले कॅम्प गुंडाळलेले असतात.

तुमच्या तिघांसाठी मी जूनचा पहिला पंधरवडा निवडेन. कारण सरळ आहे. प्राण्यांच्या झुंडी तुम्ही मारात पोटभर पाहिल्या आहेत. आता तुम्हाला शांतता हवी आहे आणि पायी फिरायला हवा चांगली हवी आहे. मुलगी चौदाची म्हणजे पुढे दहावी, त्या वर्षी तुम्ही हलणार नाही. शाळा उघडायच्या आत परत येता येतं. सप्टेंबरमध्ये शाळेला दांडी मारायची तयारी असेल तर मात्र सप्टेंबरच घ्या. त्या दिवसांत नदीच्या उभ्या मातीच्या कड्यांत कार्माइन बी-ईटर हजारोंनी बिळं करून राहतात. आपल्या वेड्या राघूचे हे आकाराने मोठे, लालभडक भाऊबंद. अख्खा कडा लाल दिसतो, आणि गरुड वरून गेला की तो लाल रंग एकदम हवेत उठतो.

आता पायी फिरण्याबद्दल. लुआंग्वाला जायचं ते मुख्यतः यासाठी. १९५० मध्ये नॉर्मन कार या अधिकाऱ्याने इथल्या कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांना राजी केलं की थोडी जमीन प्राणी बघायला येणाऱ्यांसाठी राखावी आणि येणारा पैसा गावाला मिळावा. वसाहतीच्या काळात, शिकार हीच सफारी समजली जात असताना, ही गोष्ट नवीन होती. त्यातूनच बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन चालायची पद्धत इथे रुजली. आज आफ्रिकेत ठिकठिकाणी वॉकिंग सफारी विकली जाते. काही ठिकाणी ती लॉजच्या कुंपणाभोवतीची अर्ध्या तासाची फेरी असते. लुआंग्वात कडक परीक्षा दिलेला गाइड लागतो आणि सोबत सरकारी वन्यजीव विभागाचा बंदूकधारी स्काउट असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

सकाळी सहाच्या सुमारास शेकोटीपाशी चहा, भाजलेला पाव आणि पेज. मग एक रांग: पुढे स्काउट, त्याच्या मागे गाइड, मग पाहुणे, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. गाइड खिशातून राखेची छोटी पुरचुंडी काढून झटकतो. राख कुठे जाते ते बघून चालायची दिशा ठरते, कारण वारा आपल्याकडून हत्तीकडे गेला तर हत्तीला आपण दिसायच्या आधी कळतो. बोलायचं नाही. काही दिसलं तर टिचकी वाजवायची. गाइडने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. पळणाऱ्या गोष्टीमागे लागणं हा तिथल्या निम्म्या प्राण्यांचा स्वभाव आहे.

पायी गेल्यावर सिंह जवळून दिसतो असं समजून जाऊ नका. गाडीला सरावलेला प्राणी दोन पायांवर उभ्या माणसाला घाबरतो आणि सत्तर-ऐंशी मीटरवरूनच उठून जातो. तुम्हाला जे दिसतं ते जमिनीवरचं असतं. पाणघोड्यांनी रोज रात्री चरायला जाऊन पाडलेली दोन चाकोऱ्यांची वाट, मध्ये गवताची पट्टी, आणि त्या वाटेवर मध्यरात्री उमटलेला सिंहिणीचा पंजा. तरसाची पांढरी फटक विष्ठा, कारण हाडांचा चुना तिच्यात उतरतो. एकदा एका झुडपामागे आफ्रिकी उदमांजराची ठरलेली जागा सापडली. ते रोज तिथेच येऊन विष्ठा करतं. गाइडने काडीने ढीग उकलून दाखवला: पैसा किड्याच्या कवचाची चकचकीत कडी, मोजता येतील इतकी अख्खी, आणि त्यात चिंचोके. गटातल्या एका ताईंनी विचारलं, "इथे चिंच कशी?" उलट आहे. चिंच मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे ती फार पूर्वी आली आणि आपली झाली. लुआंग्वात जुन्या वारुळांवर तिची मोठी झाडं उभी असतात आणि बबूनची टोळी त्यावर बसलेली असते. शेजारी गोरखचिंच असते, तीही तिथलीच. आबनूसाचे गर्द राई असलेले पट्टे लागतात, ते झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्याकडेला लांब काकड्यांसारखी फळं लोंबणारं कायजेलिया पाहिलं असेल, तर ते तिथे नदीकाठी आपल्या मूळ घरी भेटतं. त्याच्या आडव्या फांदीवर बिबट्या शिकार टांगतो. खाली पडलेली मरून फुलं इम्पाला आणि पुकू खातात, आणि बिबट्या वरून बघत असतो.

पुकू हे तांबूस, गुबगुबीत, पाणथळीचं हरीण. ताडोबात चितळाचा कॉल ऐकून जिप्सी थांबवणाऱ्यांना लुआंग्वा लवकर जमतं. इम्पाला फुरफुरतो, पुकू शिट्टी मारतो, बबून भुंकतो, आणि तिन्ही एका दिशेने आले तर गाइड गाडी वळवतो. फरक एवढाच, की तिथे सूर्य मावळल्यावरही हे चालू राहतं. झांबियात उद्यानात रात्रीची सफारी करू देतात. चारच्या सुमारास निघायचं, नदीकाठी उतरून चहा घ्यायचा, आणि अंधार पडल्यावर स्पॉटलाइट लावून आठच्या आसपास परतायचं. बिबट्यासाठी लुआंग्वाचं नाव मोठं आहे ते यामुळेच. बिबटे संख्येने भरपूर आहेतच, पण ते कामाला लागतात तेव्हा तुम्ही तिथे असता. साळिंदर, जेनेट, उदमांजर, बुशबेबी, हनी बॅजर ही सगळी रात्रीची मंडळी. गाइडला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की शिकार चालू असताना हरणाच्या डोळ्यांवर झोत नको. चांगला गाइड ते न सांगताही पाळतो. जो पाळत नाही त्याची गाडी दुसऱ्या दिवशी बदलून मागा, लाजू नका.

आता कडू भाग. लुआंग्वातही गर्दी होते. मुख्य गेटाच्या आसपास, ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी, झाडावरच्या बिबट्याभोवती आठ-दहा गाड्या जमलेल्या मी बघितल्या आहेत. मारापुढे ते काहीच नाही, पण तुम्ही शांततेसाठी एवढ्या लांब आलात तर तेही खुपेल. म्हणून सातही रात्री गेटाजवळ काढू नका. नदीच्या पूर्व काठावरचा न्सेफू विभाग, किंवा मुख्य नदी सोडून आतल्या वाळूच्या उपनद्यांवरचे बुश कॅम्प, इथे सकाळभर दुसरी गाडी दिसत नाही. मग पहिल्या तीन रात्री गेटाजवळ कशाला? कारण बिबटे तिथेच जास्त दिसतात, आणि ते एकदा मनासारखे दिसले की आत जाऊन माणूस निवांत चालतो. उलट क्रमाने केलं तर बुश कॅम्पवर रोज "बिबट्या कधी?" हाच जप चालू राहतो.

चित्ता साउथ लुआंग्वात नाही. गेंडा नाही. एकेकाळी या खोऱ्यात काळे गेंडे मोठ्या संख्येने होते. चोरट्या शिकारीने ते संपवले आणि १९९८ मध्ये काळा गेंडा झांबियातून नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. २००३ पासून तो परत आणला, पण नॉर्थ लुआंग्वात. हत्तींनीही तोच काळ भोगला. इथल्या कळपात सुळे नसलेल्या बऱ्याच हत्तिणी दिसतात. आपल्याकडे हत्तिणीला मोठे सुळे नसतातच, म्हणून आपल्या लोकांना त्यात वावगं वाटत नाही. आफ्रिकी हत्तिणीला मात्र सुळे असतात. ज्यांना जन्मतःच सुळे नव्हते त्या हस्तिदंताच्या लुटीत वाचल्या आणि त्यांच्या मुली-नाती आज समोर चरताहेत. क्षितिजापर्यंतचं मोकळं गवताळ मैदानही इथे नाही. त्याऐवजी मिळतात एक जिराफ, थॉर्निक्रॉफ्ट नावाचा, जो फक्त याच खोऱ्यात राहतो, आणि विल्डबीस्टचा एक फिकट प्रकार, तोही इथलाच.

या यादीने मन खट्टू होत असेल तर दुसरे रस्ते आहेत.

मोकळं मैदानच हवं असेल तर माराच पुन्हा करा, पण राखीव क्षेत्राबाहेरच्या कन्झर्व्हन्सीमध्ये राहून: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्प त्यांना भाडं देतात, खोल्यांची संख्या बांधलेली, आणि पाच गाड्यांचा नियम तिथे खरोखर पाळतात. तेच सिंह, तेच चित्ते. महाग आहे, पण मारा सोडून न जाता शांतता मिळवायचा हाच उपाय.

दुसरा पर्याय टांझानियातलं रुआहा. सेरेंगेटीहून मोठं, गोरखचिंचांनी भरलेलं, आणि येणारे लोक त्या मानाने अगदी थोडे. सिंहांचे मोठे कळप, आणि मोठा कुडू आणि लहान कुडू दोन्ही एकाच उद्यानात. दार-एस-सलामहून छोट्या विमानाने किंवा इरिंगा मार्गे रस्त्याने जाता येतं, शेवटी झांझिबारचे दोन दिवस जोडता येतात. एक गोष्ट मात्र मला तिथे टोचते. ग्रेट रुआहा नदी १९९३ पासून कोरड्या मोसमात आटते, कारण वरच्या अंगाला उसांगूच्या मैदानात भातशेतीसाठी पाणी उचललं जातं. ऑक्टोबरमध्ये हत्ती वाळूत सोंडेने झरे खणतात, लोक त्याचे फोटो काढतात. फोटो सुंदर येतो. झरा का खणावा लागतो तेही माहीत असू द्या.

झांबियातलंच काफुए उद्यान मोठं आहे, सुमारे २२,४०० चौरस किलोमीटर, आणि उत्तरेचं बुसांगा मैदान अप्रतिम. पण अंतरं लांब आणि त्सेत्से माश्या चिवट. कपड्यांवरून चावतात, निळ्या-काळ्या रंगावर धावून येतात. पहिल्या शांत सफारीसाठी मी ते सुचवत नाही. गेंडा बघायचाच असेल तर लुआंग्वाला मलावीतलं लिवोंडे उद्यान जोडा.

शांत भागाबद्दल विचारताना एक प्रश्न लोक विसरतात: शेजारी काय आहे? आफ्रिकेतल्या बऱ्याच उद्यानांना लागून परवान्याच्या शिकारीचे पट्टे असतात. झांबियात त्यांना गेम मॅनेजमेंट एरिया म्हणतात. आपल्या बफरसारखी गावंही त्यातच असतात, मध्ये कुंपण नसतं. अशा हद्दीजवळच्या कॅम्पवर प्राणी बुजरे असू शकतात आणि स्वस्तात मिळणारी शांतता कधी कधी त्यामुळेच स्वस्त असते. कॅम्पला सरळ विचारा, तुमची सफारी उद्यानात होते की बाहेर.

पैशाबद्दल आशा लावून ठेवत नाही. शांत जागा स्वस्त पडत नाही. बारा पाहुण्यांसाठी स्वयंपाकी, गाइड, स्काउट, जनरेटर किंवा सौर पॅनेल, सगळा किराणा ट्रकने, आणि मोसम जेमतेम पाच महिन्यांचा. तो खर्च तुमच्याच बिलात येतो. वाचवायचं तर गेटाजवळच्या तीन रात्रींवर वाचवा. तिथे नदीच्या अलीकडे, उद्यानाबाहेर, साधे तंबू आणि मध्यम लॉज आहेत, सफारी शेअर गाडीत करता येते. लुसाका ते म्फुवे विमानाऐवजी रस्त्याने चिपाटामार्गे जाणारेही असतात. सुमारे सातशे किलोमीटर, एक अख्खा दिवस. तरुणांनी करावं. तुमच्या अकरा दिवसांत तो दिवस परवडत नाही. बुश कॅम्पवर मात्र काटकसर करू नका, आणि ठरवताना विचारा: एका गाडीत किती जण, रोज पायी नेणार का, मुलांसाठी वयाची अट काय. चालण्यासाठी बहुतेक ठिकाणी किमान बारा वर्षं लागतात, त्यामुळे तुमची मुलगी बसते. उद्यान शुल्क आणि विमानतळावरून ने-आण दरात धरली आहे का, तेही लिहून घ्या.

जेवणाची काळजी करू नका, फक्त महिनाभर आधी कळवा, आणि "शाकाहारी" एवढंच न लिहिता अंडी, मासे चालतात की नाही तेही लिहा, कारण तिथे मासा पुष्कळांना भाजीतच वाटतो. गावचं जेवण म्हणजे न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा, आणि सोबत शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी. आपल्या जिभेला ती लगेच पटते. कॅम्पवर पाश्चात्त्य पद्धतीचं वाढतील, पण न्शिमा मागितलं की स्वयंपाकी खूश होतो. चिपाटात गुजराती वंशाच्या लोकांची जुनी दुकानं आहेत, डाळ-मसाला मिळतो. खाकरे, चटण्या जरूर न्या, फळं मात्र तंबूत किंवा गाडीत ठेवू नका. म्फुवेचे हत्ती संत्र्याच्या वासाने तंबू फाडतात. अंधारात शौचालयालाही एकटं जायचं नाही, रखवालदाराला हाक मारायची. कॅम्पच्या हिरवळीवर रात्री पाणघोडे चरत असतात.

सामान मऊ पिशवीत, कॅमेऱ्यासह साधारण पंधरा किलो. छोट्या विमानात ट्रॉली बॅग घेत नाहीत. प्रत्येकाला स्वतःची दुर्बीण हवी, ८ बाय ४२ पुरते. एका दुर्बिणीवर तिघं म्हणजे भांडण ठरलेलं.

मुंबईहून लुसाकाला बहुतेक जण अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे जातात. पहिल्या दोन मार्गांनी गेलात तर इथिओपिया किंवा केनियात थांबून आल्यामुळे भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागू शकतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. मारासाठी घेतली असेलच, तर ते पिवळं कार्ड शोधून पासपोर्टात ठेवा.

लुआंग्वा मलेरियाचा प्रदेश आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या करा. घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर आपल्याकडे जून-जुलै असतो आणि डॉक्टर आधी डेंग्यूच शोधतील. त्यांना पहिल्याच वाक्यात झांबियाहून आल्याचं सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.